त्यानं तुझं काय बिघडवलं?

हार्पर लीच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’बद्दल बोलणं निघालं की गाडी हमखास कोर्टावर जाते. ॲटिकस फिंचचं भाषण, ज्यूरीचा निकाल, टॉम रॉबिन्सन. ते साहजिकच आहे. मी मात्र दर वेळी पंचविसाव्या प्रकरणापाशी अडते. लहानसंच प्रकरण आहे, आणि त्याची सुरुवात एका किड्यापासून होते.

सप्टेंबरातली रात्र. स्काउट मागच्या पडवीत खाटेवर पडलीय. जवळ एक किडा आहे, हात लावला की अंगाची गोळी करून बसणारा. पावसाळ्यात आपल्या दारात येणाऱ्या वाणीची आठवण व्हावी असा. ती त्याच्याशी जरा वेळ खेळते आणि मग चिरडायला हात पुढे करते. तेवढ्यात तिचा मोठा भाऊ जेम तिला अडवतो. बाहेर पायरीवर नेऊन सोड, म्हणतो. का मारायचा नाही? तर तो तुला काही करत नाही म्हणून. स्काउटला वाटतं, हा दिवसेंदिवस मुलींसारखा व्हायला लागलाय.

हाच जेम आधी एअरगन मिळाली तेव्हा ती चालवायला उतावीळ झाला होता. मधल्या काळात त्यानं निकाल ऐकलाय. १९३० नंतरच्या दशकातलं अलाबामा राज्य, तिथलं मेकोम नावाचं काल्पनिक गाव. मेएला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ काळ्या टॉमवर आलेला. मुलांचे वडील ॲटिकस त्याचे वकील. काळ्यांसाठी राखलेल्या सज्जात बसून जेमनं सगळा खटला ऐकला, आपण जिंकणार अशी त्याची खात्री होती. कारण पुरावा तसा होता! बारा गोऱ्या माणसांनी टॉमला दोषी ठरवलं तेव्हा जेम रडला. त्यानंतर तो काही भाषण देत नाही, कुणाला सुधारायला जात नाही. एक किडा वाचवतो, बस्स. आणि लेखिकाही हा त्या खटल्याचा परिणाम आहे असं एका शब्दानं सांगत नाही. १९६० साली आलेल्या आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालेल्या या पहिल्याच पुस्तकात तिला हा संयम कुठून आला, याचं मला नवल वाटतं.

मुलांच्या निरागसपणाचं आपण फार कौतुक करतो. या कादंबरीबद्दल लिहिणारेही करतात. तुरुंगाच्या दारातला प्रसंग त्यासाठी नेहमी सांगितला जातो. टॉमला मारायला आलेल्या जमावापुढे ॲटिकस एकटा बसलाय. स्काउट मधे घुसते, जमावात वॉल्टरचे वडील दिसतात आणि ती त्यांच्याशी शाळेतल्या वॉल्टरबद्दल, त्यांच्या जमिनीच्या भानगडीबद्दल गप्पा मारायला लागते. माणूस वरमतो, जमाव परततो. सुंदर प्रसंग आहे. पण स्काउटला आपण काय करतोय हे ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं जेमला. बाप सांगतोय घरी जा, आणि हा जागचा हलत नाही. मला त्या रात्रीचा मोठेपणा जेमकडे वाटतो. न कळता हातून घडलेलं चांगलं आणि कळून केलेलं चांगलं, यांत फरक आहेच ना?

आपल्या ‘निरागस’ या शब्दात एक गंमत आहे. संस्कृतात ‘आगस्’ म्हणजे अपराध. म्हणजे निरागस या शब्दाचा मूळ अर्थ निरपराधी. आपण तो लहान मुलांना लावतो, पण तो टॉमलाही तितकाच लागू होतो. मेकोम गावाला मात्र तो एकाच ठिकाणी लावता येतो.

आता त्या कारणाकडे येऊ. तो काही करत नाही म्हणून मारायचा नाही. पुस्तकाचं नावही याच कारणावर उभं आहे. ॲटिकस मुलांना सांगतो, हवे तेवढे ब्लू जे मारा, पण मॉकिंगबर्डला मारणं पाप आहे. (हा ब्लू जे म्हणजे दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो आपला नीळकंठ नव्हे. तो तिकडचा, कावळ्याच्या कुळातला.) शेजारच्या मॉडीबाई पुढे समजावतात की मॉकिंगबर्ड पिकांची नासाडी करत नाही, आपल्यासाठी फक्त गातो. वाक्य लोकांना इतकं आवडतं, पण माझ्यासारखीच्या घशात ते अडकतं. कीड-मुंगी मारू नये हे आमच्या घरांत बोलता यायच्या आधी अंगवळणी पडतं, आणि ते सांगताना मुंगी गाते का, हे कुणी विचारत नाही. मग ब्लू जेनं काय घोडं मारलं?

हा पक्ष्यांपुरता प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण टॉम बघा. त्याचा डावा हात निकामी आहे. तो कष्टाळू आहे, अदबीनं बोलतो, परक्या मुलीची कामं पैसे न घेता करून देतो. त्याला निर्दोष ठरवायला लेखिकेला त्याला इतका सज्जन करावा लागला. समजा टॉम तापट असता, दारू पिणारा असता, उलट बोलणारा असता, तरी मेएलाच्या बाबतीत तो तेवढाच निरपराध असता. मग वाचकाचा जीव त्याच्यासाठी तेवढाच तुटला असता का? याच पंचविसाव्या प्रकरणात, तुरुंगातून पळताना टॉमला गोळ्या घालतात तेव्हा गावच्या छोट्या पेपराचा संपादक त्याच्या मरणाची तुलना गाणाऱ्या पक्ष्यांच्या हत्येशी करतो. गाणाऱ्याच!

आणि गंमत म्हणजे एवढं साधं राहूनही टॉमला माफी नाही. साक्षीत तो चुकून खरं बोलून जातो, मला त्या पोरीची कीव आली. काळ्या माणसाला गोऱ्या मुलीची कीव येते, हे कोर्टाला सोसत नाही. जो कुणाला त्रास देत नाही त्यानं कीव करून घ्यायची असते, करायची नसते.

पण पुस्तक त्याच्या नावापेक्षा शहाणं आहे, असं मला दुबोसबाईंच्या प्रकरणामुळे वाटतं. ही म्हातारी रस्त्यानं जाणाऱ्या मुलांना त्यांच्या बापावरून घाण बोलते. अगदी ब्लू जे म्हणावी अशी. जेम तिची फुलझाडं छाटून टाकतो, तर ॲटिकस त्याला रोज तिच्याकडे वाचून दाखवायला पाठवतो. ती गेल्यावर कळतं, मरण्याआधी मॉर्फिनच्या सवयीतून सुटायची तिची धडपड चालली होती. तिची मतं बदलली नाहीत. ती शेवटपर्यंत तशीच विखारी राहिली, आणि तरीही ॲटिकस मुलाला सांगतो की ती धीराची बाई होती. उपद्रव देणाऱ्यालाही माणूस म्हणून बघायचं, हा धडा जेमला तिथे मिळाला. पक्ष्याच्या वाक्यात तो नाही.

शाळेतल्या गेट्सबाई हिटलरनं ज्यूंचा छळ चालवलाय म्हणून वर्गात कळवळतात. त्याच बाई कोर्टातून बाहेर पडताना, काळ्यांना आता कुणी तरी अद्दल घडवायलाच हवी होती, असं म्हणाल्याचं स्काउटनं ऐकलेलं असतं. तिला ते जुळवता येत नाही. मला हे वाचताना कामवाल्या बाईचा वेगळा कप आठवतो. फळीवर, बाकीच्या कपांपासून लांब, पालथा घातलेला. पाणी गाळून पिणाऱ्या, मुंगीला वाट देणाऱ्या कितीतरी घरांत मी तो पाहिलाय. त्या बाईनं कुणाचं काय बिघडवलेलं असतं? घरातलं चार-पाच वर्षांचं पोर कधी तरी विचारतंच, हिचा कप वेगळा का गं? त्याला गप्प करतात. नंतर ते विचारत नाही. कोर्टात सरकारी वकील टॉमशी ज्या सुरात बोलतो तो ऐकून डिल ढसाढसा रडतो, तेव्हा डॉल्फस रेमंड हेच म्हणतो, हा जरा मोठा झाला की रडणार नाही.

पंचविसाव्या प्रकरणात आणखी एक मूल आहे. टॉम गेल्याचं सांगायला ॲटिकस आणि घरची स्वयंपाकीण कॅलपर्निया त्याच्या घरी जातात. दारात एक छोटी मुलगी येते. केसांच्या बारीक बारीक वेण्या, प्रत्येकीला रंगीत फीत. पाहुण्यांना बघून ती तोंडभर हसते, पण पायऱ्या उतरायला तिला जमत नाही. ॲटिकस टोपी काढतो, तिला बोट देतो आणि खाली उतरवून घेतो. त्यानंतर आई येते, आणि ॲटिकसनं तोंड उघडण्याआधीच कोसळते. हे सगळं डिलनं पाहिलेलं, डिलनं सांगितलेलं, स्काउटनं लिहिलेलं. त्या मुलीचं नावही आपल्याला कळत नाही. स्काउटला मोठं व्हायला तीन वर्षं आणि एकतीस प्रकरणं मिळाली. या मुलीला त्या चार पायऱ्या उतरण्यापुरताच वेळ होता.