टळलं, तर बरं झालं म्हणा

रेड अलर्ट निघाला, शाळांना सुट्टी मिळाली आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून हवामान खात्याची जी टर उडवली, ती या आठवड्यात मला सगळ्यात जास्त खुपली. पुण्यात शिमला ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या हवामान कार्यालयाच्या, नावाने आणि मुंबईत कुलाबा वेधशाळेच्या नावाने तेच जुने विनोद फिरले: खातं पाऊस म्हणालं की छत्री घरी ठेवा, ऊन म्हणालं की रेनकोट घाला. त्याच्या जोडीला तारीख-वार नसलेले, कुठल्या तरी जुन्या पुराचे व्हिडिओ ‘आत्ताचं दृश्य’ म्हणून पुढे ढकलले गेले. खरा इशारा हसण्यावारी न्यायचा आणि खोटं दृश्य डोळे झाकून पसरवायचं, ही दोन्ही कामं एकाच मोबाइलवरून होतात. हवापाण्याच्या गप्पा कोणाला चुकल्या आहेत? त्याला कोणाची हरकत नसावी. पण धोक्याच्या सूचनेची चेष्टा हा निरुपद्रवी विरंगुळा नव्हे. तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि मोजणारा सहसा हसणाऱ्यांत नसतो.

लाल रंगाचा अर्थ ‘तुमच्या गल्लीत आज पाणी शिरणारच’ असा कधीच नव्हता. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पडला, तर खात्याच्या भाषेत तो अत्यंत मुसळधार पाऊस. अशा पावसाची दाट शक्यता दिसली की लाल रंग लागतो आणि तो जिल्ह्याला लागतो. आता सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर त्याच जिल्ह्यातला माण तालुका पाचशेच्या आसपास अडतो. म्हणून तर घाटमाथ्याचा इशारा हल्ली वेगळा दिला जातो. माणमधल्या दहिवडीत ऊन पडलं म्हणून महाबळेश्वरचा इशारा खोटा ठरत नाही. मुंबईचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, जेमतेम ७४ मिलिमीटर झाला. त्या दिवशी कुलाब्याच्या माणसाने खिडकीतून बघून ‘कुठे आहे पाऊस?’ असं विचारलं असतं, तर त्याला काय उत्तर द्यायचं?

‘सारखं सारखं लांडगा आला रे आला म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?’ हे या चेष्टेचं नेहमीचं समर्थन. ते इतक्या शहाण्या सुरात दिलं जातं की ऐकणाराही मान डोलावतो. म्हणून ही सबब जरा नीट तपासायला हवी. गोष्टीतल्या पोराला लांडगा नाही हे पक्कं ठाऊक होतं. त्याला लोकांची धावपळ बघायची होती. हवामानशास्त्रज्ञाला उपग्रहाच्या चित्रात ढगांची दाटी दिसते, रडारवर त्यांची उंची दिसते, समुद्रावर कमी दाबाचं क्षेत्र सरकताना दिसतं आणि जे दिसतं ते तो सांगतो. ते ढग वाटेत विरले किंवा पन्नास किलोमीटर पलीकडे जाऊन कोसळले, तर तो खोटं बोलला असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? लबाडी आणि चूक यांतला फरक आपण शाळकरी पोरांनाही समजावून सांगतो. शिवाय गोष्टीतले गावकरी हातातलं काम टाकून, काठ्या घेऊन टेकडी चढून आले होते. मेंढरं त्यांची, दमछाकही त्यांची, तेव्हा रागावण्याचा हक्कही त्यांचाच. आपण मात्र घरबसल्या सुट्टी घेतो, भजी तळतो आणि संध्याकाळी फसवणूक झाल्यासारखे चिडतो. हा दाखला देणारे त्या गोष्टीचा शेवटही सोयीस्करपणे गाळतात. लांडगा शेवटी येतोच आणि मेंढरं जातात. लांडगे नसतात असं ती गोष्ट कुठेच सांगत नाही. बाकीच्या सबबी, म्हणजे ‘आजोबा नुसता वारा बघून पाऊस सांगायचे’ आणि ‘जे व्हायचं ते होणारच’, या त्यामानाने गरीब आहेत; त्यांच्यात शिरत नाही.

‘आलंच नाही’ हे वाक्य कुठे उभं राहून बोललं जातं, यावर बरंच अवलंबून असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ मुंबईवर येणार म्हणून शहर धास्तावलं होतं. ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि मुंबई थोडक्यात सुटली. ‘एवढा गाजावाजा केला, आलं काय?’ असं शहरातले लोक म्हणू लागले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोलीत कौलं आणि पत्रे उडून गेलेले होते, विजेचे खांब आडवे पडलेले होते. काही गावांत पुढे कित्येक आठवडे वीज आली नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाड्यांत पिकते, तिथल्या उभ्या पोफळी मधोमध मोडल्या, नारळाची झाडं मुळासकट उपटली गेली. पोफळ हाताशी यायला पाच-सात वर्षं लागतात, भरात यायला त्याहून जास्त. तेवढ्या वर्षांची कमाई त्या एका दुपारी गेली. माणसं मात्र बव्हंशी वाचली, कारण किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांना आधीच पक्क्या इमारतींत हलवलं होतं. पुढच्याच वर्षी तौक्ते आलं. त्याचाही इशारा काही दिवस आधीपासून होता. तरीही मुंबईपासून दूर समुद्रात असलेला पी-३०५ हा बार्ज सुरक्षित बंदराला आला नाही. १७ मे २०२१ ला तो भरकटून बुडाला आणि सत्तरच्या आसपास माणसं गेली. इशारा मानला तर काय होतं, हे ओडिशाने सगळ्या देशाला दाखवलंय. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास लोक दगावले. २०१३ च्या फायलिनच्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवल्यामुळे तिथला बळींचा आकडा पन्नासच्या आत राहिला.

ज्वालामुखीच्या प्रदेशांत इशारा मानायचा की नाही हा प्रश्न आपल्याहून धारदार होतो, कारण तिथे इशारा मानणं म्हणजे घरदार सोडणं. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलुप बेटावर १९७६ मध्ये ला सुफ्रिएर धुमसू लागला आणि सत्तर हजारांच्या आसपास माणसांना काही महिने घराबाहेर राहावं लागलं. मोठा उद्रेक झालाच नाही. फ्रान्समध्ये हरून ताझिएफ आणि क्लोद अलेग्र या शास्त्रज्ञांचं त्यावरून जाहीर भांडण जुंपलं. नऊ वर्षांनी कोलंबियात नेवादो देल रुईस जागा झाला. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि त्यात आर्मेरो हे शहर धोक्याच्या पट्ट्यात होतं. १५९५ आणि १८४५ मध्ये त्याच वाटेने चिखलाचे लोट येऊन गेले होते. पण शहर रिकामं केलं आणि काहीच घडलं नाही तर? तो खर्च आणि ती नाचक्की पत्करायला यंत्रणा तयार झाली नाही. १३ नोव्हेंबर १९८५ ला दुपारी राख पडू लागली, तेव्हा लोकांना शांत राहायला सांगण्यात आलं. रात्री नऊच्या सुमाराला उद्रेक झाला, शिखरावरचं बर्फ वितळलं आणि चिखलाचा लोट आर्मेरोत पोचायला जवळपास अडीच तास लागले. तेवढ्या वेळात उंचावर चालत जाता आलं असतं. एकूण २३,००० च्या आसपास माणसं त्या रात्री गेली. फिलिपिन्समध्ये १९९१ साली पिनातुबोच्या वेळी शास्त्रज्ञांना हीच धास्ती होती की आपण हजारोंना उठवलं आणि डोंगर गप्प राहिला तर पुन्हा कोणी ऐकणार नाही. त्यांनी लोकांना ज्वालामुखीच्या संकटांची चित्रफीत दाखवली, इशाऱ्याची पातळी चढवत नेली आणि गावं रिकामी करवली. १५ जूनला गेल्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला आणि हजारो जीव वाचले. उद्या आपल्या घाटातल्या एखाद्या तहसीलदाराला रात्री अकरा वाजता वाडी हलवायचा निर्णय घ्यावा लागेल, तेव्हा त्याच्याही मनात आर्मेरोतलीच शंका येईल: काही झालं नाही तर लोक हसतील. ही शंका त्याच्या मनात आपण पेरत असतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. इशारा पाळणं फुकट नसतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या किनाऱ्याला लागतात, खलाशाचा दिवस बुडतो. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची तर त्या रात्रीची चूल अडते. हे खरं आहे. पण त्याचा उपाय बुडालेल्या दिवसाची भरपाई मागणं हा आहे, आणि ती मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी. मजुराच्या नावाने हसणारे लोक ती मागणी करताना दिसत नाहीत. दुसरा आक्षेप असा की खातं चुकतं आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. जरूर विचारावा. अंदाज का हुकला हे खात्याने दुसऱ्या दिवशी साध्या मराठीत सांगावं, हा आपला हक्कच आहे. मात्र जाब विचारायची जागा चुकू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. संताप करायचा तर तो अशा न दिलेल्या इशाऱ्यांबद्दल करावा. तिथे आपण दोन दिवस हळहळलो आणि विसरलो. दिलेल्या इशाऱ्याची थट्टा मात्र वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो.

तेव्हा पुढच्या वेळी लाल रंग लागला आणि आभाळ कोरडं राहिलं, तर ‘टळलं, बरं झालं’ एवढंच म्हणावं आणि कामाला लागावं. घरातल्या पोरांसमोर तर आवर्जून म्हणावं, कारण इशाऱ्याला हसायचं की ऐकायचं हे ती आपल्याकडूनच शिकतात. कंबरभर पाण्यात उभं राहून ‘महाप्रलय’ ओरडणाऱ्या वार्ताहराला आणि बिनतारखेचा व्हिडिओ ढकलणाऱ्या शेजाऱ्याला आवरणं आपल्या हातात नसेल. पण स्वतःचा अंगठा आवरणं अवघड नाही. तेही होत नसेल, तर निदान डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांच्या जिवावर विनोद करून आपण फार चतुर आहोत असं तरी समजू नये.