वारीतील शिस्त : बंधन की भक्ती?

आषाढी वारीच्या वाटेवर पाऊल टाकणाऱ्या भाविकाच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. देवाच्या भेटीस निघालेल्या जीवाला नियम कशासाठी? भक्ती ही अंतःकरणाची ऊर्मी आहे. तिला क्रमांक, रांग आणि वेळापत्रक यांचे कुंपण का घालावे?

प्रश्न रास्त आहे. ज्या वाटेवर लहानथोर एकमेकांस ‘माउली’ म्हणून वंदन करतात, त्याच वाटेवर दिंडीचे क्रमांक ठरलेले असतात आणि चोपदाराचा शब्द प्रमाण मानला जातो. याची संगती कशी लावावी?

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यास आजचे स्वरूप एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातील आरफळच्या हैबतबाबांनी दिले. रथापुढील व रथामागील दिंड्यांचा क्रम निश्चित आहे. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंग व वीणा आणि मागे तुळस घेतलेल्या माता-भगिनी. या रचनेमुळेच लाखोंच्या समुदायात थकलेला वृद्ध एकटा पडत नाही. त्याची दिंडी कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असते. दुर्बलाला चालता यावे म्हणून सबलाने आपली चाल आवरणे, हे या शिस्तीचे मर्म होय.

मुक्कामी होणाऱ्या समाजआरतीत हे मर्म अधिक स्पष्ट दिसते. चोपदाराने दंड उंचावताच अफाट समुदाय क्षणात शांत होतो. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असल्यास ती आपले टाळ वाजवीतच राहते. तेव्हा चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणाही तेथेच होते. ज्याच्या हाती दंड, त्याच्यावरच ऐकून घेण्याचे कर्तव्य! जो नियम केवळ गप्प बसवितो तो धाक. जो गाऱ्हाण्यास वाट ठेवतो तो धर्म. व्यवस्था पाहणाऱ्या प्रत्येकाने, विश्वस्तांनीसुद्धा, या कसोटीवर स्वतःस पारखावे.

नियम कधी कठोर त्यागही मागतो. कोरोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये नेहमीची पायी वारी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी. बसने पंढरीस नेण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची वारी चुकल्याचे दुःख थोर होते. तरीही वाटेवरील गावांच्या जिवासाठी असंख्य वारकऱ्यांनी घरीच राहून हरिनाम घेतले. त्यांची वारी चुकली असे कोण म्हणेल?

दात्यांनीही हा विचार करावा. चालत्या दिंडीस मध्येच थांबवून वस्तू वाटल्या, तर रांग मोडते, चेंगराचेंगरी होते आणि रिकामी वेष्टने शेतकऱ्याच्या बांधावर पडतात. तेच अन्न दिंडीप्रमुखांना आधी विचारून विसाव्याच्या ठिकाणी दिले, तर प्रत्येक घास पोटी लागतो. घेणाऱ्याची सोय पाहून दिलेले दान हेच सात्त्विक दान.

म्हणून भाविकहो, रांगेत उभे राहताना वा दिंडीत चालताना आपल्यामागे कोण आहे याचे स्मरण ठेवावे. पुढे विठ्ठल आहे, तसा तो मागेही आहे. मागच्यासाठी सावकाश टाकलेले पाऊल त्याच्याच चरणी रुजू होते.

॥ राम कृष्ण हरी ॥