कर्ता नसलेलं उत्तर

टाळाटाळ, टोलवाटोलवी, उडवाउडवी, सारवासारव, चालढकल, थातुरमातुर. उत्तर न देण्याला मराठीत शब्दांची ददात नाही. यातले बहुतेक शब्द जोडीनं येतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एकदा टाळलं तर ते नुसतं टाळणं. त्याची ‘टाळाटाळ’ व्हायला निदान दुसरा हेलपाटा पडावा लागतो. ‘टोलवाटोलवी’ला तर टोलवणारे दोघं लागतात. मधली विटी आपण.

म्हणजे हे शब्द टाळणाऱ्यानं घडवलेले नाहीत. खेटे घालणाऱ्यानं घडवलेत. ‘भिजत घोंगडं’ किती जड लागतं, हे ज्यानं ते उचललंय त्यालाच ठाऊक: धड पांघरता येत नाही, टाकूनही देववत नाही. आमंत्रणाच्या अक्षता तांदळाच्या असतात, हे माहीत असलेल्यालाच ‘वाटाण्याच्या अक्षता’ झोंबतात.

सगळंच टाळणं वाईट मानलेलं नव्हतं, हेही खरं. सोयरिकीत ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला की दोन्ही घरं समजून घेतात. नकार पोचतो आणि कुणाचं तोंड कडू होत नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ची गोष्ट वेगळी. तिथं द्रोणाचार्यांना खरं कळण्याची गरज होती आणि युधिष्ठिरानं नेमकं तेच पुसट केलं. त्याचा जमिनीला न टेकणारा रथ खाली आला म्हणतात. शिक्षा झाली, पण ती बोलणाऱ्याच्या पुण्याईला. ज्यानं प्रश्न विचारला, त्याचं काय? जुन्या विचारात मोघम बोलणं हा जिभेचा दोष होता, विचारणाऱ्याचं नुकसान नव्हे.

विचारणाऱ्याची बाजू मला पहिल्यांदा नेवाशात ऐकू येते. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये तिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन तक्रार करतो: एकीकडे ज्ञानाची थोरवी सांगता, दुसरीकडे लढायला लावता. गीतेतही तो काय ते एक निश्चित सांगा, असंच म्हणतो. ज्ञानदेव त्याच्या तोंडी आणखी एक शब्द घालतात: विवेक सांगा, पण ‘मऱ्हाटा’ सांगा. मऱ्हाटा, म्हणजे उघड, सरळ, समजेल असा. आपल्या भाषेचं नावच इथं स्पष्टपणाचं विशेषण झालंय. तरीही ती विनवणीच. देवानं ऐकली, म्हणून अर्जुनाला उत्तर मिळालं.

विनवणीचा हक्क व्हायला सातशे वर्षं लागली. ती वाटही नेवाशाच्याच जिल्ह्यातून गेली, हा योगायोग मला फार आवडतो. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्यासाठी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केलं आणि त्याच महिन्यात कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पुढे देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

तो कायदा मी आपल्या जुन्या शब्दांचा कोश शेजारी ठेवून वाचला. ‘टोलवाटोलवी’ला त्यात उत्तर आहे: माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा, अर्जदाराला पाठवायचं नाही. ‘कशाला हवंय तुम्हाला?’ या उलट्या प्रश्नालाही आहे: कारण सांगायची गरज नाही. चुकीची, अपुरी किंवा दिशाभूल करणारी माहिती जाणूनबुजून दिली, तर दंड आहे. पण मला सगळ्यांत मोठं वाटलं ते एक साधं कलम. तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर तो नकार समजायचा. गप्प बसण्यालाही अर्थ ठरवून दिला. ‘बघू’ला तारीख मिळाली, आणि त्या तारखेपासून अपिलाची वाट मोकळी झाली.

मग टाळणं थांबलं का? त्यानं व्याकरण बदललं. आमच्या शिवरस्त्याच्या अर्जावर एका कार्यालयाचं पत्र आलं, अगदी मुदतीत: ‘सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात येत आहे.’ वाक्यात चूक काढून दाखवा! पण कार्यवाही करतंय कोण? काय करतंय? उचित कुणाच्या मते? कर्ता नाही, तारीख नाही, आणि ‘येत आहे’ हा काळ तर कधी संपतच नाही. गंमत अशी, की आधीच्या अर्जाला याच कार्यालयानं ‘आपली तक्रार मोघम स्वरूपाची आहे’ असं कळवलं होतं. आमचा शब्द आमच्याच अंगावर.

लोकांच्या शब्दांत टाळणारा माणूस दिसत असे. तो काखा वर करी, कानांवर हात ठेवी, पानं पुसे. निदान त्याला हात तरी होते. या नव्या वाक्यात माणूसच उरला नाही, मग जाब विचारायचा कुणाला?

ते पत्र मी शेजारच्या आजोबांना वाचून दाखवलं. शाळा चौथीपर्यंतची. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, “पुन्हा वाच. कोन करनार म्हनलंय?” मी पुन्हा वाचलं. ते म्हणाले, “मंग हेच लिही की त्यांना.”

पुढच्या अर्जात मी तेवढंच लिहिलं: कोण करणार आहे, काय करणार आहे, कोणत्या तारखेपर्यंत. लिहिताना नेवाशाचा तो एकच शब्द मनात होता.