आई भाकरी थापत नाही

गेल्या पोळ्यानंतर एका संध्याकाळी आईनं सांगून टाकलं, की यापुढे रात्रीच्या भाकरी ती थापणार नाही. रुसून नाही, भांडूनही नाही. लाईट बिल भरायचं राहिलंय हे ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात. ‘‘सकाळच्या करीन. रात्री खिचडी टाकत जाईन, नाही तर बाहेरून आणा. मला कंटाळा आला.’’

मी नंदुरबारला खोली करून राहतो, घर तळोद्याला. त्यामुळे ही बातमी मला फोनवर कळली, तीही नानांकडून, आणि तक्रारीच्या सुरात. ‘‘तुझी आई म्हणते, तिला कंटाळा आला. श्वास घ्यायचा कंटाळा येतो का कुणाला?’’

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं नाही. आई ‘हात दुखतो’ म्हणाली असती, तर मी दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो असतो. नानांनीही काही न बोलता चार दिवस खिचडी खाल्ली असती. आजार आपण माफ करतो. कंटाळा मात्र माफ होत नाही, निदान आईचा तरी. आणि गंमत अशी, की ही बातमी ऐकत होतो तेव्हा मी स्वतः गॅसजवळ उभा राहून पातेल्यातले नूडल्स थेट चमच्यानं खात होतो. माझं आठवड्याचं खाणं ठरलेलं आहे : दोन दिवस अंडाभुर्जी-पाव, दोन दिवस शेवभाजीचं पार्सल, कुकरला खिचडी आणि उरलेले दिवस जे जमेल ते. मलाही कंटाळाच येतो. पण माझ्या कंटाळ्यावर मित्र रील बनवतात, तिच्या कंटाळ्यावर घरात बैठक बसते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. स्वयंपाकाचा कंटाळा येणं ही चूक आहे का? कुणावर तरी अन्याय करणारी, नैतिक अर्थानं चूक?

आधी एक आकडा. 2019 साली देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात असं दिसलं, आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. हे फक्त ‘करणाऱ्यांचं’ गणित आहे. बहुतेक पुरुष या हिशेबात येतच नाहीत, कारण त्या दिवशी त्यांनी घरकाम केलेलंच नसतं. जवळजवळ पाच तास, रोज. आईचे तर अंगणवाडीचे तास त्याच्या वर.

पण कंटाळा तासांचा नसतो, असं मला हळूहळू वाटायला लागलं. शेतात आठ तास काम केलेला माणूस थकतो, पण निंदणी झालेला वाफा तरी त्याला दिसतो. हॅना आरेंट या विचारवंत बाईनं 1958 साली आलेल्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या पुस्तकात श्रमांचे दोन प्रकार वेगळे केले. एका कामातून काहीतरी उभं राहतं, टिकतं : टेबल, घर, पुस्तक. दुसऱ्यातून काहीच उरत नाही. ते शरीर जगवण्यासाठी करायचं आणि उद्या पुन्हा शून्यापासून करायचं. भाकरी या दुसऱ्या जातीची. आई तीस-पस्तीस वर्षं रोज वीसेक भाकरी थापत आली. गुणाकार करून बघा. एवढ्या भाकरींतली एकही आज कुठे नाही. बरं, थापणं एकवेळ हातांच्या सवयीनं होऊन जातं. त्याआधीचं ‘आज काय करू?’ हे रोज डोक्यात घेऊन फिरणं कुणालाच दिसत नाही. आईनं हा प्रश्न विचारला की आम्ही तिघंही म्हणायचो, ‘‘काहीही कर.’’ यात उदारपणा आहे असं आम्हाला वाटायचं. खरं म्हणजे ठरवण्याचं ओझंही आम्ही तिच्याकडेच परत ढकलत होतो.

आईची नोकरी इथे मध्ये येते, आणि ती सांगण्यासारखी आहे. ती तळोदा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एकदा गरम, चौरस जेवण द्यायचं, अशी ती योजना. आता कुणी विचारेल, शिजवून कशाला, कोरडं धान्य घरी दिलं की झालं. आईकडे याचं उत्तर तयार असतं : घरी नेलेलं सगळ्या घरात वाटलं जातं, आणि जिच्यासाठी दिलं तिच्या वाट्याला शेवटचा घास येतो. म्हणून तिनं इथे यायचं, बसायचं, दुसऱ्यानं वाढलेलं खायचं.

दुसऱ्यानं वाढलेलं. हे मी कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण त्यातला मुद्दा लक्षात यायला आईचा कंटाळा यावा लागला. बाईला आयत्या ताटाची गरज असते, हे सरकारनं मान्य केलंय, पण पोटात बाळ असेपर्यंत आणि ते थोडं मोठं होईपर्यंत. त्यानंतर ती पुन्हा वाढणारी. आणि जी ही व्यवस्था चालवते त्या सेविकेला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. दिवसभर इतर बायकांच्या गरम जेवणाची नोंद ठेवून घरी आलेल्या बाईनं रात्री चुलीसमोर बसू नये असं ठरवलं, तर आम्हाला धक्का बसला.

पण झटपट जेवणाची बाजू घेताना एक अडचण येते, ती झाकून चालणार नाही. कष्ट नाहीसे होत नाहीत, त्यांची जागा बदलते. खानदेशात हे नवं नाही. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या घालतात ते काय असतं? ज्वारी भिजत घाला, दळा, पीठ शिजवा, ओल्या कापडावर पसरवा, वाळवा. सहा महिन्यांनी पावसात कुणी भूक म्हणालं की मिनिटात भाजून पुढे. नूडल्सची कल्पना याहून फार वेगळी नाही. मोमोफुकु आंदो यांनी 1958 मध्ये जपानमध्ये शिजवलेल्या शेवया तळून सुकवल्या. आपल्याकडे 1983 मध्ये मॅगी आली आणि ‘दोन मिनिटं’ हा शब्दप्रयोग घरोघर झाला. फरक इतकाच, की बिबड्या घालताना चार शेजारणी एकत्र असायच्या आणि कष्ट समोर दिसायचे. पाकिटातले कष्ट दिसत नाहीत.

नंदुरबारला राहणाऱ्याला खरं तर ते दिसायला हवेत. हंगामात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात, लालभडक, लांबून बघितलं तरी नाकात ठसका. तिथे बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या हातांची आग संध्याकाळी घरी पीठ मळतानाही होत असते. तयार मसाल्याची पुडी फोडून माझी वीस मिनिटं वाचतात, त्यातली काही मिनिटं या हातांनी दिलेली असतात. याच जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातून दिवाळीनंतर माणसं दक्षिण गुजरातला ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे मोजताना बाई वेगळी धरतच नाहीत. ती मात्र पहाटे अंधारात उठून दिवसभराच्या भाकरी करून घेते, मग फडात जाते. तिचंही जेवण झटपटच : भाकरी, मिरची, मीठ. त्यात कंटाळ्याला जागा नाही आणि निवडीलाही नाही. त्यामुळे ‘झटपट जेवण म्हणजे स्वातंत्र्य’ असं कुणी म्हणालं की मी जरा थांबतो. कुणाचं स्वातंत्र्य, आणि त्या बदल्यात कोण उठलं पहाटे?

मग आईनं थापतच राहावं का? नाही. दुसरीचे कष्ट दिसतात म्हणून पहिलीचे न्याय्य ठरत नाहीत. बाहेरच्या भाकरीला निदान दाम पडतात. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे एक मावशी ऑर्डरप्रमाणे भाकरी करून देतात, 12 रुपयाला एक. नानांना पहिल्यांदा हा भाव सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘‘एका भाकरीचे 12 रुपये?’’ पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घरात भाकरीची किंमत कुणी विचारली होती.

नानांची बाजू अगदीच पोकळ आहे असंही नाही. तव्यावरून थेट ताटात पडलेली, पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी आणि तासाभरानं कागदात गुंडाळून आलेली भाकरी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कुणीतरी आपल्यासाठी, आपल्याला किती भूक आहे हे ओळखून शिजवतंय, यात जी माया असते ती पार्सलमध्ये येत नाही हेही खरं. पण त्यांचं म्हणणं तिथे थांबत नाही. कष्ट जितके जास्त तितकी माया खरी, असं ते धरून चालतात, आणि मायेचा हा हिशेब एकाच माणसाकडून वसूल करतात. नानांनी आईवर माया केली नाही असं मी म्हणणार नाही. फक्त ती सिद्ध करायला त्यांना कधी तव्याजवळ बसावं लागलं नाही.

आपल्याकडे आईची जी मूर्ती मनात पक्की बसली आहे, तिला ‘श्यामची आई’चा मोठा हातभार आहे. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पण हेच गुरुजी त्याआधी आमच्या खानदेशात, अमळनेरच्या छात्रालयात, मुलांच्या खोल्या झाडत, त्यांची कामं गुपचूप करून ठेवत. आईपण त्यांनी कागदावर उतरवण्याआधी हातांनी करून पाहिलं होतं. आपण पुस्तक उचललं आणि झाडू तिथेच राहू दिला.

मीही हे लिहितोय आणि सिंकमध्ये परवाचं पातेलं आहे, ते असो.

दिवाळीला घरी गेलो. रात्री मावशींकडून दहा भाकरी आणल्या, आईनं वांग्याचं भरीत दुपारीच करून ठेवलं होतं. ताटं चार घेतली. आमच्याकडे हे नवीन होतं, कारण गरम भाकरीच्या घरात भाकरी करणारी पंगतीत नसते. सगळ्यांचं होईपर्यंत ती तव्याशी, मग उरलेलं घेऊन एकटी. त्या दिवशी ती नानांच्या शेजारी बसली. शेजारच्या काकूंनी जाता जाता दारातून विचारलं, ‘‘जेवन व्हयनं का?’’ आणि आई बसल्या जागेवरून म्हणाली, ‘‘चाललंय.’’

नानांनी भाकरी मोडली. जरा वेळ चावत राहिले. ‘‘जाड आहे,’’ ते म्हणाले.

‘‘आहेच,’’ आई म्हणाली, आणि ठेच्याची वाटी त्यांच्याकडे सरकवून स्वतःसाठी आणखी अर्धी घेतली.