उपयोगाचा पक्षी

पर्यावरणावरच्या व्याख्यानात एक प्रश्न ठरलेला असतो. "ते सगळं ठीक आहे हो, पण ह्या पक्ष्याचा उपयोग काय?" मध्यंतरी दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांवरच्या एका स्लाइड शोमध्ये तो आलाच. पडद्यावर तेव्हा टर्कीच्या अंगलटीचा, काळाभोर, लाल चोचीचा एक पक्षी होता. व्याख्याते तयारीचे होते. म्हणाले, हे पक्षी फळं खातात, बिया लांब नेऊन टाकतात, त्यातून मोठाली झाडं उगवतात, झाडं कार्बन धरून ठेवतात. तेव्हा ह्यांना वाचवणं हा हवामानबदलावरचा सगळ्यात स्वस्त इलाज. सभागृह खूश झालं. ज्यांनी विचारलं होतं त्यांचंही समाधान झालं. मला मात्र प्रश्नापेक्षा हे उत्तरच जास्त खटकलं.

कारण पडद्यावरचा पक्षी क्युरासो होता, आणि क्युरासो बिया पेरत नाही, दळतो.

हे जरा उलगडायला हवं. टेक्सासच्या दक्षिण टोकापासून खाली अर्जेंटिनापर्यंत ह्या कुळाच्या पन्नासाहून अधिक जाती पसरल्या आहेत. कोंबडीचे लांबचे नातलग, पण जमिनीपेक्षा झाडावर रमणारे. पायाचं मागचं बोट पुढच्या बोटांच्याच पातळीत असतं, त्यामुळे फांदी पक्की धरता येते. त्यातले चाचालाका सगळ्यात लहान आणि सगळ्यात भांडखोर आवाजाचे. उजाडताना एक जोडी सुरू झाली की शेजारची उत्तर देते, मग तिच्या पलीकडची, आणि पाच मिनिटांत सगळं रान डोक्यावर घेतलेलं असतं. त्यांना इथेच सोडू. आपल्याला हवेत ग्वान आणि क्युरासो.

ग्वान झाडाच्या शेंड्याकडे बसून फळ तोडतो, अख्खं गिळतो, गर पचवतो आणि बी धडधाकट बाहेर टाकतो. क्युरासो बराचसा वेळ जमिनीवर चालत पडलेली फळं वेचतो. त्याच्या पोटातली पेषणी दणकट, त्यात त्याने मुद्दाम गिळलेले खडे. त्या जात्यात पडलेलं मोठं बी सहसा शाबूत बाहेर येत नाही. अंजिरासारखं बारीक बी निसटतं, पण व्याख्यात्यांच्या हिशेबातलं बी ते नव्हे. घट्ट लाकडाच्या, भरपूर कार्बन साठवणाऱ्या झाडांचं बी बहुधा मोठं असतं. म्हणजे एकाच कुळात एक पेरणारा, एक दळणारा. आणि दोघांचाही आहार एकाच शब्दात सांगायचा झाला तर, फळं.

व्याख्यात्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलात जाकुटिंगा नावाचा ग्वान आहे. काळं अंग, पंखावर पांढरा पट्टा, डोक्यावर पांढरा तुरा, चेहऱ्याची कातडी निळी. जुसारा नावाच्या ताडाची जांभळट काळी फळं तो गपागप गिळतो. टूकन, ग्वान असे मोठ्या घशाचे पक्षी जिथून नाहीसे झाले तिथे कस्तूरासारखे लहान पक्षी उरले. त्यांच्या घशातून मोठं बी उतरत नाही. २०१३ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की अशा जंगलांत जुसाराचं बी आकारानेच लहान झालं आहे. शंभरेक वर्षांत झाडाचं बी बदलतं, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. तेव्हा ग्वानच्या नावापुढे "उपयोगी" असा शेरा मारायचा तर खुशाल मारावा.

पण मग क्युरासोचं काय? उपयोगाच्या परीक्षेला बसवलं तर तो नापास. आणि परीक्षा आपणच मांडली असेल तर निकालही मुकाट्याने मान्य करावा लागतो.

शिवाय, क्युरासो निरुपयोगी होता कधी? इतका उपयोगी पक्षी त्या जंगलात दुसरा नव्हता. मोठ्या जातींत तीन-चार किलोचं अंग, रुचकर मांस. पिसं बाणाला लावायला उत्तम. अ‍ॅमेझॉनमधल्या कितीतरी जमाती तीच वापरत आल्या. नर पहाटे अंधारात खोल, घुमणारा आवाज काढतो, म्हणजे स्वतःचा पत्ता स्वतःच सांगतो. मादी घालते बहुधा दोनच अंडी. अशा पक्ष्याची थोडीशी शिकारही त्याला झेपत नाही. एखाद्या जंगलात बंदूक किती फिरते हे कळायला तिथे क्युरासो दिसतो का एवढं बघितलं तरी अंदाज येतो. केंट रेडफर्ड यांनी १९९२ साली 'रिकामं जंगल' ही कल्पना मांडली ती ह्याचसाठी: वरून बघावं तर झाडं जागच्या जागी, आणि खाली चालणारं, उडणारं मोठं काही शिल्लक नाही. ते सगळं उपयोगापायीच गेलं.

इथे एक आडवाट घेतो. क्युरासोचं पिल्लू माणसाने वाढवलं तर विलक्षण माणसाळतं, मागे मागे फिरतं. कोलंबसाच्या आधीच्या अमेरिकेने टर्की पाळीव केली, मस्कोव्ही बदक पाळीव केलं, पण ओसरीवर फिरणाऱ्या क्युरासोची कधी पाळीव जात झाली नाही. दोन अंड्यांवर कुक्कुटपालन चालत नसतं. त्याच्या त्या लांबच्या नातलगाने, कोंबडीने, अंडी घालायचा सपाटा लावला आणि आज जगात तिची संख्या २० अब्जांहून जास्त आहे. उपयोग सिद्ध झालेल्या पक्ष्याचं आयुष्य कसं असतं ते बघायचं असेल तर कुठल्याही पोल्ट्रीच्या शेडमध्ये डोकावावं.

आता अलागोआसचा क्युरासो. ईशान्य ब्राझीलमधल्या ह्या पक्ष्याचं वर्णन गेओर्ग मार्कग्राफचं, १६४८ साली छापलेलं. पुढची तीनशे वर्षं पक्षी म्हणजे जवळपास तेवढं वर्णनच. अशी वेगळी जात आहे की नाही ह्यावरच शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. १९५१ मध्ये ओलिव्हेरिओ पिंटोंना तो अलागोआसच्या जंगलात पुन्हा सापडला. मग तेलाचे भाव भडकले आणि १९७५ मध्ये ब्राझीलने उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवायचा कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे इथेनॉलचा विषय निघाला की साखरपट्ट्यातले जाणकार ज्या ब्राझीलचं उदाहरण देतात, त्याची सुरुवात ही. अलागोआसची जंगलं उसाखाली गेली. ऐंशीचं दशक सरेपर्यंत रानातला हा पक्षी संपला. बी दळणारा होता की पेरणारा, ह्याचा नीट अभ्यास व्हायलाही अवधी मिळाला नाही.

तरीही तो आज आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी रिओचे एक हौशी पक्षीपालक, पेद्रो नार्देल्ली, ह्यांनी तोडीला आलेल्या जंगलातून काही पक्षी धरून आपल्या पिंजऱ्यात आणले. आजचे सगळे पक्षी त्यांतल्या फक्त तिघांचे वंशज आहेत. पुढे त्यांचा जवळच्या दुसऱ्या जातीशी संकर केला गेला, त्यामुळे शुद्ध कोण आणि मिश्र कोण हे जनुकांवरून निवडत बसावं लागलं. १९९९ मध्ये पक्षी मिनास जेराइसमधल्या खाजगी पक्षिपालन केंद्रांत गेले. २०१९ मध्ये तीन जोड्या अलागोआसच्या रानात सोडल्या, त्याही एका साखर कारखान्याच्या मालकीच्या जंगलतुकड्यात. कार्बनचा हिशेब ह्या गोष्टीत मला कुठे दिसत नाही. दिसते ती एका माणसाची पिंजऱ्याची हौस.

सुरुवातीला मी व्याख्यात्यांना एवढंच सांगणार होतो की तुमचा पक्षी चुकला, ग्वानचं चित्र लावा. आता वाटतं की वाद चित्राचा नाहीच. पेरूमधला पांढऱ्या पंखांचा ग्वान १८७७ नंतर शंभर वर्षं "नामशेष" होता. १९७७ मध्ये गुस्ताव्हो देल सोलार आणि जॉन ओ'नील ह्यांना तो मिळाला, तोही सेबास्तियान चिंगा ह्या स्थानिक वाटाड्यामुळे. त्रिनिदादमध्ये ग्रांद रिव्हिएर गावात 'पावी' नावाचा ग्वान दाखवायला हल्ली वाटाडे मिळतात, त्यांतले काही पूर्वी शिकारी होते. ह्या लोकांना पक्ष्याची किंमत करता येत असेल-नसेल, तो कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात येतो हे पक्कं ठाऊक होतं. ज्याने पक्षी खाल्ला, ज्याने कोंडला, त्याची त्या पक्ष्याशी ओळख तरी होती. कार्बनवाल्याला ओळखीची गरजच पडत नाही; उद्या बिया टाकणारं यंत्र निघालं तर तो यंत्र घेईल.

हे लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतं. पिंजरेवाल्यांची बाजू घेणं माझ्या स्वभावात नाही. बाजारात रानपक्षी विकायला दिसला की मी आवाज चढवतो. नार्देल्लींसारखा एक निघतो, तेव्हा हौसेपायी रान ओरबाडणारे किती निघतात ह्याची कल्पना मला आहे. नियम त्या बाकीच्यांसाठी करावे लागतात, आणि ते तसेच कडक असावेत असं मी आजही म्हणेन. त्या वर्षी मी तिथला वनाधिकारी असतो तर नार्देल्लींना एकही पक्षी धरू दिला नसता.