भोग कुणी म्हणावं?

दुखणं जडलेल्या माणसाला आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘प्रारब्धाचे भोग आहेत, भोगूनच संपायचे.’ दत्तभक्ताला हे वाक्य परकं नाही आणि ते खोटं आहे असंही मला म्हणायचं नाही. प्रश्न एवढाच, की ते कुणी कुणाला म्हणायचं?

आमच्या पिंपरी पेंढारला दत्तजयंतीच्या सुमाराला कांद्याची लागण चालू असते. दिवसभर वाफ्यात वाकून रोप टोचायचं. संध्याकाळी बांधावर येताना कमरेला हात लावत नाही असं माणूस विरळा. बहुतेकांचं दुखणं चार-दोन दिवसांत जातं. काहींचं जात नाही. माझं गेली अकरा वर्षं गेलेलं नाही. तीन महिन्यांच्या वर टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट वेदना म्हणतात, आणि तिची जातच निराळी. पुष्कळदा मूळ इजा केव्हाच भरून आलेली असते, पण नसा इशारा द्यायच्या थांबत नाहीत. एक्स-रे चांगला येतो आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. मग घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेलं नाही.’ दुखण्यापेक्षा हे जड जातं.

गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायातला पोटशुळाचा ब्राह्मण आठवा. अन्न पोटात गेलं की जीव जाईल अशी कळ. म्हणून तो पंधरा दिवसांनी, महिन्यानं एकदा जेवायचा. शेवटी पोटाला दगड बांधून गोदावरीत उतरला. श्रीगुरूंनी काय केलं? आधी शिष्यांना पाठवून त्याला वर आणवलं. मग विचारलं, आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. मागच्या जन्मीचा हिशेब मांडत बसले नाहीत. औषध देतो म्हणाले. औषध कोणतं, तर सायंदेवाच्या घरचं जेवण! सायंदेव घाबरला. हा जेवला आणि मेला तर ब्रह्महत्या माझ्या माथी, असं त्याला वाटलं. तरी त्यानं वाढलं. आपण या अध्यायातला चमत्कार तेवढा लक्षात ठेवतो. मला मात्र तो घाबरत घाबरत पान वाढणारा सायंदेव फार मोठा वाटतो.

प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. माणगावला १८५४ साली जन्म, १९१४ साली गरुडेश्वरी समाधी. महाराजांना संग्रहणीचा विकार होता आणि त्यानं त्यांना वर्षानुवर्षं छळलं. त्या देहानिशी त्यांनी पायी भारतभर संचार केला, ग्रंथ लिहिले. स्वतःचा विकार त्यांनी भोग म्हणून सोसला. पण महाराजांना वैद्यकी येत होती, आणि दारी आलेल्या रोग्याला ‘तुझे भोग’ म्हणून त्यांनी परत लावलं नाही. कुणाला औषध सांगितलं, कुणाला अनुष्ठान. प्रारब्ध हा शब्द त्यांनी स्वतःपुरता ठेवला. दुसऱ्याला तो सांगितला की तो शब्द पोटाला बांधलेल्या दगडासारखा होतो, असं मला वाटतं.

आणि आळं तर आमच्या शेजारीच. ज्ञानोबा माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथं आहे. वेदांची गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच कथेत, रेड्यावर आसूड ओढले आणि वळ माउलींच्या पाठीवर उठले, असंही आहे. आपल्या पाठीवर वळ उठणार नाहीत, आपली तेवढी योग्यता नाही. मग निदान विश्वास तरी ठेवावा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांमध्ये हेच म्हटलं आहे : दुखतं असं जो सांगतो, त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा.

आता रोजचं कसं निभवायचं? इथं मला बिबट्या आठवतो. आमच्याकडे उसात बिबट्या आहे हे धरूनच चालावं लागतं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं दुःख वेगळंच, त्याच्याशी तुलना नाही. पण बाकीच्यांनी शेती सोडली नाही. रात्री एकट्यानं जायचं नाही, हातात बॅटरी आणि काठी ठेवायची, गाणी लावायची, असं करत राहतात. दुखण्याचंही तसंच आहे. बरं वाटतंय म्हणून एका दिवसात सगळा वाफा उरकायला गेलं की पुढचे चार दिवस आडवं पडावं लागतं. त्यापेक्षा अर्धा तास काम, दहा मिनिटं पाठ टेकणं. दुखो न दुखो, घड्याळावर. अंथरूण धरून बसलं तर कंबर आणखी आखडते, म्हणून रोज थोडं चालणं. वेदनाशामक गोळ्या मनानं महिनोन्‌महिने घेऊ नयेत, मूत्रपिंडाला आणि पोटाला बाधतात. आणि अंगारा लावला म्हणून गोळी बंद करायची किंवा गोळी घेतली म्हणून श्रद्धा उणी झाली, या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत.

राहिला सप्ताहाचा प्रश्न. पारायणाला एका आसनावर बसावं, मधे उठू नये, असा दंडक आहे आणि तो मोडावा असं मी कुणाला सांगणार नाही. ज्यानं त्यानं आपल्या गुरुजींना विचारावं. मी विचारलं. ते म्हणाले, ‘पोथी उंचावर घ्या, तुम्ही खुर्चीवर बसा.’ आता पोथी उंच टेबलावर असते, मी खुर्चीत असतो, आणि अध्याय संपला की उभा राहून कंबर सरळ करतो. गेल्या वर्षी आमच्या पारायणात अशी एकच खुर्ची होती. यंदा तिघांनी आणखी मागितल्या आहेत.