धैर्य आणि धोरण

राजकारणात धैर्य आणि धोरण यांचे हाडवैर आहे, असा पुष्कळांचा समज असतो. धैर्यवान पडतो व धोरणी टिकतो. सबब ज्यास लोककल्याण करावयाचे आहे त्याने आधी टिकावे, असा व्यवहारी उपदेश केला जातो. हा उपदेश सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु प्रश्न माणसांच्या प्रकृतीचा व प्राणांचा असेल, तर तो कितपत मानावा, याचा विचार अवश्य आहे.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद श्री. रोहम यांनी एक ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोराने प्रचार करावा व त्याची साधने जनतेस उपलब्ध करून द्यावी, अशी त्यात शिफारस होती. त्या काळी या विषयाचा उच्चारही असभ्य मानला जाई, प्रा. र. धों. कर्वे यांस याच कार्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली होती. ठरावास अनुकूल मते ११ पडली, प्रतिकूल ५२. पुढे १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला.

धोरणी मनुष्य म्हणेल, १९३८ मध्ये लोकमत तयार नव्हते. थांबणेच शहाणपणाचे होते. पण लोकमत झाडावरच्या फळाप्रमाणे आपोआप पिकत नाही. कोणी तरी हरण्याची तयारी ठेवून बोलावे, तेव्हाच ते घडू लागते. शिवाय विलंबाची किंमत विलंब करणारे देत नाहीत. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रियांनी ती दिली. आणि सभागृहात त्यांतील किती जणी बसत होत्या?

तथापि धैर्य म्हणजे हट्ट नव्हे. याच आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या बिलास पाठिंबा दिला होता. १९२९ साली झालेला तो कायदा कारखान्यांतील स्त्रियांपुरताच होता. शेतावर राबणारी त्याच्या बाहेरच राहिली. तरी जे पदरात पडले ते घेतले गेले. असे धोरण आम्ही धैर्याचेच अंग मानतो. उलट, १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात नसबंदीची जी सक्ती झाली, तीत सत्तेचा ताठा होता, धैर्य नव्हते. कारण ज्यांचे मन वळवावयाचे, त्यांनाच तीत विचारले गेले नाही.

तो ठराव मुंबईत पडला, तेव्हा आमचे सेलू निजामाच्या राज्यात होते. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले आणि पुढे आम्हांस मताचा अधिकार मिळाला. त्यासरशी जबाबदारीही आली. परभणीस २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यासाठी जिल्ह्यातील लोकांनी चळवळ केली होती, व ती योग्यच होती. परंतु इमारत कोणत्याही पक्षास प्रिय असते. तिच्यावर कोनशिला बसते. एखादी रूढी वा कोणाचा हितसंबंध दुखावणारी सुधारणा मात्र पोरकी राहते. पक्ष भित्रे आहेत अशी तक्रार आपण दिवाणखान्यात बसून करतो. पण अप्रिय सत्य सांगणाऱ्या उमेदवारास आपण मत देतो काय? पक्षांचे धोरण आपल्याकडे पाहूनच ठरते. सबब कोणत्याही पक्षाने ‘थोडे थांबा’ म्हटले, तर दोन प्रश्न विचारावे: तोपर्यंत आपण काय करणार? आणि तोपर्यंत सोसणार कोण?